‘अल्पशा आजाराने’ गेलेले पूर्वज

वर्तमानपत्रातल्या निधनवार्तांमध्ये दोन शब्द कायमचे मुक्कामाला आहेत : ‘अल्पशा आजाराने’. त्यांच्या सोबतीला ‘प्रदीर्घ आजाराने’ आणि ‘वृद्धापकाळाने’. आजार कोणता होता, तो कितव्या वर्षी सुरू झाला, भावंडांपैकी आणखी कोणाला होता, हे घरच्यांना ठाऊक असते. पण ते छापले जात नाही. छापायला हवे असेही नाही. शोकात असलेल्या घराला खोदून विचारू नये, हा आपला शिष्टाचार योग्यच आहे. अडचण पुढे येते. वीस-पंचवीस वर्षांनी घरातही तेवढेच दोन शब्द शिल्लक राहतात. पणजोबा कशाने गेले, असे विचारले तर ‘काहीतरी अचानक झाले म्हणे’, एवढेच उत्तर मिळते. आजीच्या बहिणीबद्दल तर तेही मिळत नाही.

हा विषय आता काढण्याचे कारण म्हणजे, महाराष्ट्रात सध्या वंशावळीचा जेवढा शोध चालू आहे तेवढा क्वचितच कधी झाला असेल. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि तहसील कार्यालयांतले मोडी दस्त, जुनी जनगणनापत्रके, गावोगावची कोतवाल बुके बाहेर निघाली. जातवैधतेसाठी वंशावळ जोडावी लागते, म्हणून वर्षानुवर्षे बोलणे नसलेल्या भावकीत फोन होऊ लागले. दुसरीकडे, गेल्या शतकात अनेक कुळांनी छापलेले कुलवृत्तांत आता नव्या आवृत्त्यांत आणि संगणकावर येत आहेत. अमेरिकेतला पुतण्या आणि रत्नागिरीतले काका एकाच वंशवृक्षात नावे भरत आहेत. हे सगळे चांगलेच आहे. माझे म्हणणे एवढेच, की एवढी खटपट करून आपण जी वंशावळ तयार करतो, तिच्यात एक रकाना राहून जातो आणि नातवंडांच्या उपयोगाचा तोच रकाना सर्वांत मोठा असतो. तो म्हणजे आजार आणि मृत्यूचे कारण.

नोंदी भरपूर, कारण गायब

पूर्वजांच्या नोंदी ठेवण्यात आपण मागे नव्हतो. त्र्यंबकेश्वर, गया, हरिद्वार या तीर्थक्षेत्री उपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावे सापडतात. दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात हेळवी घरोघर फिरून वंशावळी वाचून दाखवत आणि नव्या जन्मांची भर घालत. कुलवृत्तांतात तर गोत्र, कुलदैवत, मूळ गाव, इनाम, शिक्षण, नोकरी, सगळे असते. पण या सगळ्या नोंदींचा हेतू वारसा, हक्क आणि श्राद्ध हा होता. कोण कोणाचा मुलगा, वाटणी कोणाला, पिंड कोणी द्यायचा, एवढे कळले की काम भागत असे. रोगाची नोंद करण्याचे कोणाला कारणच नव्हते.

सरकारी दप्तरातली स्थिती फार वेगळी नाही. ब्रिटिश काळातल्या मृत्युनोंदींत कारणे मोजक्या खणांत टाकली जात : पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार, अपघात आणि इतर. ‘ताप’ या खणात हिवताप, विषमज्वर, क्षय आणि बाळंतरोग सगळेच जाऊन बसत. नोंद लिहिणाऱ्याने रोग्याला पाहिलेलेही नसे.

आजची गंमत वेगळीच आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार मृत्यूचे कारण निबंधकाकडे नोंदले जाते, पण नातेवाइकांना मिळणाऱ्या मृत्यूच्या दाखल्यावर ते दाखवायचे नाही, असे त्याच कायद्यात म्हटले आहे. मृताची अब्रू आणि खासगीपण राखण्याचा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. परिणाम मात्र असा, की ज्या कागदाची प्रत आपण जपून ठेवतो त्यावर तारीख असते, ठिकाण असते आणि कारण नसते. २०२३ च्या दुरुस्तीने यात एक चांगली गोष्ट आणली. रुग्णालयात मृत्यू झाला तर डॉक्टरांनी दिलेल्या मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राची एक प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची आहे. हा कागद बहुतेक घरांत विम्याच्या कामापुरता वापरला जातो आणि मग हरवतो. तो वंशावळीच्या फाईलमध्ये लागला पाहिजे.

एका घराचा हिशेब

उदाहरण घेऊन पाहू. समजा, नाशिकच्या एका कुटुंबात थोरल्या मुलाला एक्केचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. तो तंबाखू खात नाही, लठ्ठ नाही. वडील सत्तेचाळिसाव्या वर्षी ‘अचानक’ गेले होते. ते कामाच्या ताणाने गेले, असे घरात समजत. रक्ततपासणीत एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, २४० निघाले. डॉक्टरांना शंका आली ती आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉलची. या दोषात यकृताला रक्तातले एलडीएल पुरेसे उचलता येत नाही. ते जन्मापासूनच वाढलेले राहते आणि रक्तवाहिन्यांत तरुणपणीच साचत जाते. जगात साधारण अडीचशे ते तीनशे माणसांमागे एकाला हा दोष असतो, म्हणजे तो दुर्मीळ म्हणावा असा नाही. एलडीएल १९० च्या वर असेल आणि घरात पुरुषाला पंचावन्नच्या आत किंवा स्त्रीला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल, तर हा प्रश्न विचारायलाच हवा.

आता या घराची वंशावळ पाहा. दोष आई किंवा वडील यांपैकी एकाकडून येतो आणि प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. वडिलांकडून आला असे ठरले, तर अकोल्याच्या काकांना तो असण्याची शक्यता निम्मी आणि त्यांच्या मुलांना, म्हणजे चुलत भावंडांना, चारात एक. लग्न होऊन बेळगावला गेलेल्या आत्याची आणि आतेभावंडांची तीच गोष्ट. त्यांच्यापैकी कोणी पस्तिशीचा असेल, धावपळीची नोकरी करत असेल आणि त्याला काहीच त्रास होत नसेल. त्याला वाचवण्यासाठी लागते ती एक साधी रक्ततपासणी आणि बाजारात स्वस्तात मिळणारी स्टॅटिनची गोळी. न मिळणारी गोष्ट एकच : नाशिकहून अकोल्याला आणि बेळगावला फोन.

नेदरलँड्समध्ये हा फोन सरकारी योजनेने केला. १९९४ पासून जवळपास दोन दशके तिथे एका रुग्णापासून सुरुवात करून त्याच्या नातेवाइकांचा वंशवृक्ष काढला जाई आणि प्रशिक्षित कर्मचारी घरी जाऊन रक्ताचे नमुने घेत. एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, अशी ही साखळी तपासणी. आपल्याकडे अशी घरोघर जाणारी यंत्रणा नाही. पण साखळीचा अवघड भाग, म्हणजे नातेवाईक शोधणे, तो आपण लग्नाच्या आमंत्रणांसाठी आणि दाखल्यांसाठी एरवीही करतोच.

लांबचे नाते किती लांब?

‘सख्खे ठीक, पण पाचव्या पिढीत मिळणाऱ्या माणसाच्या आजाराशी माझा काय संबंध?’ ही शंका रास्त आहे. आई-वडील आणि सख्खी भावंडे यांच्याशी आपला निम्मा जनुकीय वाटा सामायिक असतो. आजी-आजोबा, काका, मामा, आत्या, मावशी यांच्याशी पाव. चुलत, मामे, आते, मावस भावंडांशी साडेबारा टक्के. चुलत-चुलत भावंडांपर्यंत गेले की तीन टक्क्यांच्या आसपास. दहा पिढ्या मागे गेले तर १,०२४ पूर्वज होतात आणि त्यांतल्या सगळ्यांचा अंश आपल्यात उरलेला असतोच असे नाही. म्हणून मूळ पुरुषाच्या शौर्याचा अभिमान जरूर बाळगावा. त्याचे जनुक आपल्यात आहे, हे मात्र गृहीत धरू नये.

पण भारतात या गणिताला एक पुरवणी आहे. आपण शेकडो वर्षे जातीत, पोटजातीत लग्ने केली. त्यामुळे ‘लांबचे’ नातेवाईक अनेक वाटांनी पुन्हा जवळ येतात. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील कुमारस्वामी थंगराज, हार्वर्डचे डेव्हिड राइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’ या नियतकालिकात दक्षिण आशियातल्या अडीचशेहून अधिक समूहांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ८१ समूहांत थोड्या मूळ पूर्वजांचा ठसा फिनलंडचे लोक किंवा अश्केनाझी ज्यू यांच्यापेक्षाही ठळक निघाला. जनुकीय आजारांच्या अभ्यासासाठी जगभर याच दोन समाजांची उदाहरणे दिली जातात, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते.

याचे एक नेमके उदाहरण आर्य वैश्य समाजाचे आहे. या समाजात एका विकराची कमतरता इतर लोकांपेक्षा बरीच जास्त आढळते. एरवी त्याचा काहीच त्रास नसतो. पण शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करण्यासाठी सक्सिनिलकोलीन हे औषध दिले, तर काही मिनिटांत उतरणारा त्याचा परिणाम तासन्‌तास टिकतो आणि रोग्याला तेवढा वेळ कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते. भूलतज्ज्ञाला आधी कळले तर तो दुसरे औषध वापरतो, संपला प्रश्न. म्हणजे ‘मावशीच्या ऑपरेशनला श्वास यायला फार वेळ लागला होता’, हे वाक्य कोणत्याही इनामाच्या सनदेइतके जपून ठेवण्यासारखे आहे. कोणत्या कुलवृत्तांतात ते सापडेल?

अर्धी वंशावळ

ज्याला आपण वंशावळ म्हणतो ती बहुतेक वेळा अर्धीच असते. मुलगे, त्यांचे मुलगे, त्यांचे मुलगे. मुलीच्या नावापुढे फार तर ‘दिली अमुक गावी’. शिवाय आपल्याकडे लग्नात मुलीचे आडनावच नव्हे, तर पाळण्यातले नावही बदलण्याची रीत होती. माहेरची यमू सासरी लक्ष्मीबाई झाली की दोन नोंदींतली बाई एकच आहे, हे तिसऱ्या पिढीला कळायला मार्ग राहत नाही.

जनुकांना ही रीत मान्य नाही. स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कर्करोगाशी जोडलेले बीआरसीए जनुकांतले दोष आईकडून येतात तसेच वडिलांकडूनही येतात. असा दोष असलेल्या स्त्रीला आयुष्यात स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सत्तर टक्क्यांच्या आसपास जाते. एकूण स्तनकर्करोगांत आनुवंशिक वाटा पाच ते दहा टक्केच आहे. पण ज्या घरात तो आहे तिथे वडिलांची बहीण आणि वडिलांची आई कशाने गेल्या, हे मुलीच्या दृष्टीने फार महत्त्वाचे असते. नेमक्या याच दोघी वंशावळीत नसतात. हिमोफिलिया, म्हणजे रक्त न गोठण्याचा आजार, सहसा मुलग्यांना होतो आणि आईकडून येतो. तो शोधायचा तर मामा, मावशीचे मुलगे आणि आईचे मामा पाहावे लागतात.

गोत्राचा हिशेबही इथे कामाला येत नाही. गोत्र फक्त बापाच्या ओळीने चालते. म्हणून सगोत्र म्हणून टाळलेल्या स्थळाशी जनुकीय नाते जवळजवळ शून्य असू शकते आणि गोत्र वेगळे म्हणून चालणारी मामाची मुलगी साडेबारा टक्के सामायिक वाटा घेऊन येते. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नात अपत्याला गंभीर जन्मजात दोष असण्याचा धोका, एरवी दोन-तीन टक्के असतो तो, दुपटीच्या आसपास जातो. बहुसंख्य मुले निरोगीच जन्मतात, हेही खरे. पण त्या घराण्यात एखादे मूल लहानपणीच गेले असेल, तर ते कशाने गेले याची नोंद असणे आणि नसणे यात मोठे अंतर आहे.

भीती खोटी नाही

मग लोक हे लिहीत का नाहीत? अज्ञान हे एक कारण झाले. मोठे कारण भीतीचे आहे आणि ती भीती खोटी नाही. ‘त्यांच्याकडे वेडाची झाक आहे’, ‘त्या घरात कोड आहे’, ‘बाप क्षयाने गेला’, अशा एकेका वाक्याने स्थळे मोडलेली आपण पाहिली आहेत. त्याचा फटका मुलींना जास्त बसतो. म्हणून आईच्या गोळ्या पाहुणे येण्याआधी कपाटात जातात आणि आत्महत्येला ‘अपघात’ म्हणतात. अशा समाजात सगळ्यांनी आजार जाहीर करावेत, असा उपदेश करणे सोपे आहे. त्याची किंमत मात्र उपदेशकाला मोजावी लागत नाही.

तरीही लपवल्याने काय साधते, हेही पाहिले पाहिजे. थॅलेसिमियाचा वाहक पूर्ण निरोगी असतो. भारतात शंभरांत तीन-चार माणसे वाहक आहेत. दोन वाहकांचे लग्न झाले, तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला गंभीर थॅलेसिमिया होण्याची शक्यता चारात एक असते आणि त्या मुलाला जन्मभर दर काही आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. विदर्भात आणि नंदुरबार भागात सिकलसेलची हीच रीत आहे. दोन्ही घरांनी लपवले, तर लपलेल्या दोन गोष्टी पाळण्यात येऊन भेटतात.

न्यूयॉर्कमधल्या सनातनी ज्यू समाजाने यावर काढलेली तोड विचार करण्याजोगी आहे. तिथेही लग्ने ठरवून होतात, तिथेही ‘घराण्यात दोष’ हा शब्द जिव्हारी लागतो. टे-सॅक्स या आजाराने स्वतःची मुले गमावलेल्या राब्बाय योसेफ एकस्टाइन यांनी १९८३ मध्ये ‘दोर येशोरिम’ ही संस्था काढली. तरुण मुलामुलींची तपासणी होते, पण निकाल कोणालाच सांगत नाहीत. फक्त एक क्रमांक मिळतो. स्थळ आले की दोघांचे क्रमांक संस्थेला कळवायचे. दोघेही एकाच आजाराचे वाहक असतील तेवढेच सांगितले जाते. नसतील तर कोण वाहक आहे हे कधीच उघड होत नाही, कारण त्याची गरजच नसते. या पद्धतीलाही टीकाकार आहेत. स्वतःच्या शरीराची माहिती स्वतःला न मिळणे सर्वांना पटणारे नाही. पण तिच्यातला धडा मोलाचा आहे. धोक्याची सूचना देण्यासाठी घराण्याची कुंडली चव्हाट्यावर मांडावी लागत नाही. पत्रिकेतले गुण जुळवणाऱ्या आपल्या समाजाला एचबीए-२ ची तपासणी जड जाऊ नये. ती लग्न ठरल्यावर नव्हे, तर स्थळे पाहण्याच्या कितीतरी आधी झालेली बरी.

माहिती कोणाची?

दुसरा अवघड प्रश्न मालकीचा. माझ्या आजोबांचा आजार ही माझी माहिती आहे का? ती माझ्या चुलतभावाचीही आहे आणि त्याने ती सांगायला मला परवानगी दिलेली नाही. आइसलँडमध्ये हा प्रश्न न्यायालयात गेला. त्या देशात जवळजवळ सगळ्या लोकसंख्येची वंशावळ उपलब्ध आहे. १९९८ मध्ये तिथे आरोग्यनोंदींचे राष्ट्रीय भांडार करण्याचा कायदा झाला. एका तरुणीने आपल्या मृत वडिलांची माहिती त्यात घालू नये, अशी मागणी केली. २००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला : वडिलांच्या माहितीवरून मुलीबद्दल अनुमान काढता येते, म्हणून हा तिच्याही खासगीपणाचा प्रश्न आहे. मेलेल्या माणसाची नोंद ही जिवंत माणसाचीही नोंद असते, हे यापेक्षा स्पष्ट कोणी सांगितलेले नाही.

लांबचे नातेवाईक जोडून देणाऱ्या डीएनए कंपन्यांच्या बाबतीत याचा अनुभव २०२३ मध्ये आला. ‘ट्वेंटीथ्री-अँड-मी’ या अमेरिकी कंपनीच्या सुमारे १४ हजार ग्राहकांची खाती चोरलेल्या पासवर्डने उघडली गेली. पण त्या खात्यांतून नातेवाईक शोधण्याच्या सोयीमार्फत जवळपास ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली. स्वतःचे खाते नीट सांभाळलेली माणसे नातेवाइकाच्या खात्यामुळे उघडी पडली. २०२५ मध्ये या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि ग्राहकांच्या नमुन्यांचे पुढे काय, हा प्रश्न उभा राहिला. नळीत थुंकून पाठवण्याआधी हा विचार करावा, कारण ती थुंकी एकट्याची नसते. शिवाय घराण्यातला आजार समजून घेण्यासाठी अशा चाचणीची पहिली पायरी म्हणून गरजही नाही. डॉक्टर आजही कागद-पेन्सिलनेच सुरुवात करतात.

आपल्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने घरगुती कामासाठी केलेल्या नोंदी कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. म्हणजे भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहात काय टाकावे आणि काय नाही, हे आपले आपणच ठरवायचे आहे. मला योग्य वाटणारे नियम चार आहेत. जिवंत माणसाचा आजार त्याला विचारल्याशिवाय पुढे सांगायचा नाही, मग तो सख्खा भाऊ असला तरी. मृतांच्या बाबतीत आजार, तो कळला तेव्हाचे वय आणि घराण्यातली बाजू, एवढे पुरते. नाव, रिपोर्टचे फोटो आणि किस्से नकोत. हे सगळे दोनशे जणांच्या समूहात टाकायचे नाही. प्रत्येक शाखेतल्या एका विश्वासू माणसाकडे ठेवायचे. आणि ज्याला जाणून घ्यायचे नाही, त्याला न जाणण्याचा हक्क आहे. दार एकदा वाजवावे, पुन्हा पुन्हा नाही.

सगळेच रक्तातून येत नाही

हा रकाना भरताना एका चुकीपासून सावध राहायला हवे. एका घरात तीन माणसे एकाच आजाराने गेली, म्हणजे तो आनुवंशिकच असे नाही. क्षय एका घरात फिरतो तो एका खोलीतली हवा सगळे घेतात म्हणून. चुलीचा धूर, तंबाखूची चंची आणि विहिरीचे पाणीही वारशानेच मिळते, पण ते जनुकांतून नव्हे. अनेक वंशवृक्षांत एका पिढीच्या फांद्या एकदम तुटलेल्या दिसतात आणि पुढे ‘निर्वंश’ लिहिलेले असते. तारखा पाहिल्या तर त्या १८९६ नंतरच्या प्लेगच्या किंवा १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या निघतात. घराण्याला शाप होता, ही कथा मग आपोआप विरते. वंशावळीत दत्तक आलेल्याकडे वतन आले, आजार नाही. म्हणून तिथे रक्ताची ओळ वेगळी काढावी लागते.

उलट टोकाचीही चूक होते. मानसिक आजाराची नोंद सापडली की घर घाबरते. सख्ख्या भावंडाला स्किझोफ्रेनिया असेल, तर दुसऱ्याला तो होण्याची शक्यता साधारण दहात एक असते. म्हणजे दहांतले नऊ जण त्यापासून दूर राहतात. वंशावळ ही भविष्यवाणी नव्हे. कुठे लवकर आणि काळजीपूर्वक पाहायचे, एवढेच ती सांगते.

काय लिहायचे?

काम वाटते तेवढे मोठे नाही. मूळ पुरुषापर्यंत जायची गरज नसते. आनुवंशिक आजारांचे डॉक्टर तीन पिढ्यांची माहिती विचारतात. योगायोग असा, की श्राद्धातही आपण बाप, आजोबा, पणजोबा अशा तीनच पिढ्या नावाने आठवतो. पितृपक्षातल्या महालयाची यादी तर कुलवृत्तांतापेक्षा उदार असते : तिच्यात आईकडचे आजी-आजोबा, मामा, मावशी, आत्या, सासरचे, सगळे येतात. ज्या घरांत छापील कुलवृत्तांत नाही, हेळवी नाही, वतनाचे कागद नाहीत, त्या घरांतही एक म्हातारी आत्या किंवा मावशी असते आणि तिला हे सगळे पाठ असते. तिच्याशी तासभर बसून बोलणे ही पहिली पायरी. ती बसलेली असतानाच हे करायला हवे. या नोंदीची दुसरी प्रत कुठेही नसते.

प्रत्येक नावापुढे पाच गोष्टी पुरेत : मुख्य आजार, तो कोणत्या वयात कळला, मृत्यूचे वय, मृत्यूचे कारण आणि माहिती कोणी सांगितली. वय फार महत्त्वाचे असते. ऐंशीव्या वर्षीचा हृदयविकार आणि चाळिशीतला हृदयविकार या दोन वेगळ्या बातम्या आहेत. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची तपासणीही घरातल्या सर्वांत तरुण रुग्णाच्या वयाच्या दहा वर्षे आधी सुरू करावी, असा वैद्यकीय सल्ला असतो. वयच माहीत नसेल तर हा हिशेब करायचा कसा? नेमके नाव ठाऊक नसेल तर लक्षणे जशी सांगितली तशीच लिहावीत. ‘पायऱ्या चढताना छातीवर हात धरायचे’ हे ‘हृदयविकार असावा’पेक्षा डॉक्टरला जास्त सांगते. लहानपणी गेलेली मुले, वारंवार झालेले गर्भपात, भुलेचा किंवा औषधाचा त्रास, हेही लिहावे. आणि मुलींच्या नावापुढे माहेरचे व सासरचे, दोन्ही नावे.

घरात एखादा आनुवंशिक दोष खरोखर सापडला, तर लांबच्या नातेवाइकांना कळवताना चार ओळी पुरतात. ‘आमच्या शाखेत दोघांना पन्नाशीच्या आत हृदयविकार झाला आणि तपासणीत कोलेस्टेरॉलचा आनुवंशिक दोष आढळला. तो तुमच्या शाखेतही असू शकतो. आपण सर्वांनी एकदा रक्त तपासून घ्यावे आणि डॉक्टरांना हे पत्र दाखवावे. आणखी माहिती हवी असल्यास मी देईन. नको असल्यास हा विषय पुन्हा काढणार नाही.’ यात कोणाचे नाव नाही, कोणावर ठपका नाही आणि करण्यासारखी गोष्ट स्पष्ट आहे.

वंशावळीतून आजवर आपण पूर्वजांकडे हक्क मागितला : जमिनीचा, मानाचा, दाखल्याचा. त्यात गैर काही नाही. पण ज्या चुलतभावाला केवळ सातबाऱ्यासाठी शोधून काढले, त्याच्याशी आणखी एक गोष्ट बोलता येईल. आपल्या दोघांचे आजोबा नेमके कशाने गेले, हे दोघांनी मिळून आठवता येईल. तो तुकडा एकट्याकडे बहुधा नसतोच. एक त्याच्या आईकडे असतो, एक आपल्या आत्याकडे. जोडल्यावरच तो उपयोगाचा होतो, आणि तो जोडण्याचे वय आपले चालू असते तोवरच.